घरच्या टॉर्चमध्ये जास्त पॉवरचा एलईडी बसवायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या टॉर्चमध्ये दमदार एलईडी टाकायचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एकाच जागी लिहून ठेवतोय. रात्री शेतात पाणी धरायला जाणारे, नाईट ट्रेकवाले, गावाकडे अंधारात ये-जा करणारे, हे सगळे डोळ्यासमोर आहेत. सोल्डरिंग जमत असेल आणि मल्टीमीटर वापरता येत असेल तर रविवारच्या दिवसात आरामात होणारं काम आहे.

नुसता बल्ब काढून त्या जागी एलईडी लावला तर नाही का चालणार?

पेटेल, पण टिकणार नाही. दोन सेलच्या टॉर्चचा जुना बल्ब साधारण २.४ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे सव्वा वॅटच्या आसपास, आणि त्यातून उजेड मिळतो जेमतेम १०-१५ लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप). पण त्याची फिलामेंट गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप आवाक्यात राहतो, म्हणून तो थेट सेलवर सुखाने जळतो. एलईडीचं तसं नाही. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि त्याच्यावर व्होल्टेज थोडंसं जरी वाढलं तरी करंट एकदम उसळतो, एलईडी तापतो, तापला की आणखी करंट ओढतो आणि शेवटी निळसर पडून मरतो.

म्हणून एलईडी बदलायचा म्हणजे चार गोष्टी बघायच्या: एलईडी, त्याला करंट देणारा ड्रायव्हर, सेल, आणि उष्णता बाहेर जायचा रस्ता. यातलं एक जरी कच्चं राहिलं तर बाकीच्या तिन्हींवर घातलेला पैसा पाण्यात. सगळा विषय खरं तर एवढाच आहे, पुढचं सगळं त्यातूनच येतं.

बाजारात जुन्या बल्बच्याच पिनचे तयार एलईडी बल्बही मिळतात, ते लावायला काहीच नको, सेल जास्त दिवस पुरतात, पण तेवढ्याशा टोपणातून उष्णता जाणार कुठे, त्यामुळे त्यांच्याकडून अर्धा-एक वॅटच्या वर अपेक्षा ठेवू नका.

कुठला टॉर्च या कामाला घ्यावा?

ॲल्युमिनियमचा, डोळे झाकून. उष्णता वाहून नेण्यात तांबं सगळ्यात पुढे, साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन, ॲल्युमिनियम २०० च्या आसपास, पितळ ११०, आणि स्टेनलेस स्टील फक्त १५. प्लास्टिक तर ०.२, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आजोबांच्या वेळचा पितळी टॉर्च घरात असेल तर तो भंगारात घालू नका, अशा कामाला तो फार सुंदर आहे, बॉडी जड, डोकं मोठं, रिफ्लेक्टर खोल. स्टीलच्या टॉर्चमध्ये १ अँपिअरपर्यंतच थांबा. प्लास्टिकच्यात त्याहूनही कमी, नाहीतर आतून काहीतरी वितळल्याचा वास यायला लागतो.

एकच १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब असा गोल लिथियम सेल) घेणारा स्वस्तातला झूमवाला ॲल्युमिनियम टॉर्च सुरुवातीला सगळ्यात सोपा पडतो. बॉडी बरी असते, आतला एलईडी आणि ड्रायव्हर तेवढे टाकाऊ असतात, आणि आपल्याला तेच तर बदलायचे आहेत.

एलईडी कुठला घेऊ? दुकानात दहा नावं सांगतात.

आधी साईझ बघा. ३५३५ म्हणजे ३.५ बाय ३.५ मिलिमीटरवाले, त्यात क्रीचे एक्सपी-जी, निचियाचे २१९बी आणि ५१९ए, ल्युमिनसचा एसएसटी-२०. ५०५० म्हणजे ५ बाय ५ वाले, क्रीचा एक्सएम-एल२, ल्युमिनसचा एसएसटी-४०. जुना एलईडी ज्या साईझचा होता त्याच साईझचा घेतला तर रिफ्लेक्टरचं भोक, फोकस, सगळं त्यातल्या त्यात जुळतं.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला ४००० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर नाही आणि फार पिवळाही नाही असा, ९० च्या वर सीआरआय असलेला ३५३५ घ्या आणि १ अँपिअरवर चालवा. एसएसटी-२० चा ९५ सीआरआयवाला तसा मिळतो, १ अँपिअरला २५०-३०० लुमेन देतो. आकडा छोटा वाटेल पण जुन्या बल्बच्या वीस पट आहे तो, आणि रंग खरे दिसतात. सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० म्हणजे पूर्ण. स्वस्तातल्या निळ्या-पांढऱ्या एलईडीत हा ७० च्या आसपास असतो, आणि त्या उजेडात सगळी माती, पाला, दगड एकाच राखाडी रंगाचे दिसतात.

हे नुसतं दिसायला छान म्हणून सांगत नाहीये. कोकणात जांभ्या दगडावर फुरसं बसलेलं असेल तर त्याचा अंगाचा तपकिरी रंग आणि दगडाचा रंग यात फरक फार थोडा असतो, तसंच वाळलेल्या पाल्यात घोणस. हजार लुमेनच्या निळसर झोतात पालापाचोळा सगळा सपाट पांढरा होतो आणि त्यातला साप नजरेतून सुटतो. तीनशे लुमेनच्या चांगल्या उजेडात अंगावरची नक्षी उठून दिसते. शेतात जाणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. टॉर्च कितीही भारी असो, पायात गमबूट घालाच.

टी६, क्यू५, यू२ हे काय असतं? टॉर्चवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

ते एलईडीचं नाव नाही, चाळणीचा नंबर आहे. कारखान्यात एकाच बॅचचे एलईडी मोजून उजेडाप्रमाणे वेगळे करतात. क्रीच्या एक्सएम-एलमध्ये टी६ म्हणजे ७०० मिलिअँपिअरला किमान २८० लुमेन, एक्सपी-ई किंवा एक्सपी-जीत क्यू५ म्हणजे ३५० मिलिअँपिअरला किमान १०७ लुमेन. आता हे नाव इतकं चालतं की कुठलाही नक्कल एलईडी लावून वर टी६ छापतात. त्यामुळे नुसतं टी६ बघून घेऊ नका, मॉडेल काय, कुठल्या करंटला किती, हे विचारा, आणि दुकानदार सांगू शकला नाही तर पुढच्या दुकानात जा.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

एका लिथियम सेलवर चालवायचं असेल तर ७१३५ चिपवाला लिनियर ड्रायव्हर. १७ मिलिमीटरची गोल प्लेट असते, तिच्यावर ७१३५ च्या छोट्या चिप बसवलेल्या असतात आणि एकेक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते. तीन चिप म्हणजे १०५०, आठ चिप म्हणजे २८०० मिलिअँपिअर. जास्तीचं व्होल्टेज ती चिप स्वतः उष्णता करून उडवते, म्हणजे भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, एलईडी घेतोय ३, मधले १.२ व्होल्ट गुणिले १.०५ अँपिअर, सव्वा वॅट ड्रायव्हरमध्येच. सेल उतरत गेला की हे कमी होत जातं. साधं, स्वस्त, आणि बिघडायला फारसं काही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, ही चिप ६ व्होल्टपर्यंतच. दोन लिथियम सेल एकामागे एक घातले की ८.४ व्होल्ट होतात आणि ड्रायव्हर जळतो. दोन सेल सिरीजमध्येच हवे असतील तर बक ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणारा, घ्या.

माझा टॉर्च दोन मोठ्या सेलचा आहे, ३ व्होल्ट. त्यात होईल का?

होईल, पण दोन रस्ते आहेत. ३ व्होल्टच्या सेलवर ३ व्होल्टचा एलईडी थेट चालत नाही, सेल जरा उतरले की उजेड गेलाच, म्हणून बूस्ट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारा, लागतो. पण त्यात एक अडचण आहे, साधे झिंक कार्बनचे मोठे सेल एक अँपिअर ओढला की लगेच दमतात, त्यांचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो. अल्कलाईन किंवा निकेल मेटल हायड्राईडचे रिचार्जेबल घातले तर ठीक.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. मोठ्या सेलचा व्यास ३४ मिलिमीटर आणि लांबी ६१.५. १८६५० चा व्यास १८, लांबी ६५. तेव्हा पीव्हीसी पाईपच्या तुकड्याची बाही करून त्यात एकच १८६५० मधोमध बसवायचा आणि उरलेल्या ५८ मिलिमीटरात ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा रॉड कापून टाकायचा. दोन १८६५० शेजारी शेजारी बसत नाहीत, ३६ मिलिमीटर होतात, उगाच घुसवायला जाऊ नका, सेलचं वरचं आवरण सोलून निघतं आणि मग थेट बॉडीला शॉर्ट.

तीन सेलचा टॉर्च असेल तर काहीच नको, ४.५ व्होल्टवर तीन चिपवाला ७१३५ मस्त चालतो.

१८६५० सेल कुठला? ९९०० एमएएचवाला स्वस्तात मिळतोय.

तो घेऊ नका. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. या साईझच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपास मावतं, त्याच्या फार वर गेलेला कुठलाही आकडा खोटा. किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली बरेचदा त्याच्या खूप खाली. बीआयएसची खूण आणि आर नंबर (बीआयएसचा नोंदणी क्रमांक) बघा, लिथियम सेलला आपल्याकडे आयएस १६०४६ लागू आहे.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल चालतात का, तर चालतात, पण आधी व्होल्टेज मोजा. २.५ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल परत चार्ज करायच्या भानगडीत पडूच नका, आतून तो बिघडलेला असतो. चेपलेला, गंजलेला, चार्जिंगला तापणारा सेलही बाद. टॉर्च म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद केलेला धातूचा पाईप आहे, आत सेल फुटला तर वाफ जायला जागा नसते, म्हणून इथे हात आखडता घेऊ नका, चांगला प्रोटेक्शनवाला सेल घ्या. फक्त प्रोटेक्शनची पट्टी असलेला सेल ३-५ मिलिमीटर लांब असतो, टॉर्चमध्ये मावतोय का ते आधी बघा.

३००० एमएएचचा सेल १ अँपिअरवर जवळपास पावणेतीन-तीन तास पुरतो. तीन अँपिअरवर एक तास पण धड नाही.

प्लास्टिकचा चार्जिंगचा टॉर्च आहे, थेट बोर्डात लावायची पिन असलेला. त्यात मोठा एलईडी आणि लिथियम सेल टाकला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात धोक्याचाही हाच आहे, म्हणून नीट वाचा. या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ४ व्होल्टची छोटी लेड ॲसिड बॅटरी असते आणि चार्जर म्हणजे एक कपॅसिटर, चार डायोड, एक-दोन रेझिस्टर, बस. ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणजे टॉर्च बोर्डात लावलेला असताना आतली प्रत्येक तार, बॅटरीचं टर्मिनल, एलईडीची प्लेट, सगळं २३० व्होल्टच्या मेन्सशी जोडलेलं असतं. उघडून, पिन लावून, "चार्ज होतंय का बघू" म्हणून आत बोट घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि पिन काढल्यावरसुद्धा त्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो.

त्या चार्जरवर लिथियम सेल कधीही, कधीही लावायचा नाही. लेड ॲसिड जास्तीचं चार्जिंग काही काळ सहन करते, लिथियमला ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं आणि तो चार्जर थांबत नाही, आग लागू शकते. लिथियम टाकायचाच असेल तर जुना चार्जर पिनसकट पूर्ण काढून टाका, बॅटरी काढा, आणि त्या जागी टीपी४०५६ चं, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणाऱ्या चिपचं, टाईप-सीवालं मॉड्यूल बसवा, प्रोटेक्शन असलेलंच घ्या. त्याचं चार्जिंग १ अँपिअरचं असतं, मोबाईलच्या चार्जरवर चालतं. एलईडीला मागून ॲल्युमिनियमची जाड पट्टी जोडा आणि ७०० मिलिअँपिअरवर थांबा, म्हणजे दोनच चिप. शेतावर न्यायला असा टॉर्च फार कामाचा होतो, कारण डबा मोठा असतो आणि आत दोन सेल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) लावता येतात, रात्रभर पुरतो. पॅरलल लावताना दोन्ही सेल एकाच मॉडेलचे, आणि जोडण्याआधी दोघांचं व्होल्टेज सारखं करून घ्या.

टॉर्च गरम होतोय. काही चुकलंय का?

बॉडी गरम होतेय म्हणजे उष्णता बाहेर येतेय, चांगलंच आहे. काळजी तेव्हा करा जेव्हा दहा वॅटचा एलईडी पाच मिनिटं चालू आहे आणि बॉडी थंडगार. याचा अर्थ उष्णता आतच अडकलीय. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग अजूनही उष्णताच होतो, आणि चिप जितकी तापेल तितका उजेड कमी होतो, आयुष्य घटतं.

रस्ता असा असतो: एलईडी, त्याखाली तांब्याची स्टार प्लेट (एलईडी जिच्यावर सोल्डर केलेला असतो ती), त्याखाली धातूची चकती, आणि चकती बॉडीला घट्ट. जुन्या पितळी टॉर्चमध्ये बल्बची बैठक प्लास्टिकची असते, तिथून काही जात नाही. गावातल्या लेथवाल्याकडून डोक्याच्या आतल्या मापाची ३-४ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची चकती करून घ्या, ठोकून बसेल इतकी टाईट, मधे वायरला दोन भोकं. प्लेट आणि चकतीच्या मधे थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर, जास्त लावली म्हणून जास्त उष्णता जात नाही, उलट अडते. प्लेट दोन स्क्रूने दाबा, किंवा थर्मल ग्लू वापरा. एम-सील, हॉट ग्लू हे इथे उपयोगाचे नाहीत.

आणि एलईडीजवळ फेविक्विक अजिबात नको. त्याची वाफ बंद डोक्यात फिरते, काचेवर आणि रिफ्लेक्टरवर पांढरी साय चढते आणि एलईडीच्या सिलिकॉन डोमवरही (वरच्या पारदर्शक घुमटावर) डाग पडतात, जे परत निघत नाहीत.

प्रत्यक्ष बसवताना कुठे काळजी घ्यायची?

शक्यतो स्टार प्लेटवर आधीच बसवलेला एलईडी घ्या. सुटा घेतला असेल तर मोबाईल रिपेअरवाल्याकडे हॉट एअर असतं, तो दोन मिनिटांत बसवून देतो. घरी तव्यावर करणारे पण आहेत, साधं ६३/३७ सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं, पण त्यात शिसं असतं, तो तवा परत स्वयंपाकाला वापरायचा नाही.

वायर प्लेटला आधी जोडा, मग प्लेट चकतीवर चिकटवा. उलटं केलं तर चकती सगळी उष्णता पिऊन टाकते आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने टाका धरतच नाही, कोल्ड सोल्डर होतं, म्हणजे टाका नुसता वरवर चिकटतो. डोमला बोट लावू नका, लागलंच तर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाची काडी बुडवून हलक्या हाताने पुसा. प्लस मायनस प्लेटवर लिहिलेलं असतं, तरी मल्टीमीटर डायोडवर ठेवून बघा, बारीक पेटला की बरोबर.

रिफ्लेक्टर वरून बसवताना त्याची खालची कड टाक्यांना टेकत नाही ना, हे वाकून, दिव्यासमोर धरून, नीट बघा. रिफ्लेक्टरवर धातूचा मुलामा असतो, तो दोन टाक्यांना टेकला की शॉर्ट. एलईडीभोवती प्लास्टिकची सेंटरिंग रिंग येते ती याचसाठी, नसेल तर कॅप्टॉन टेपची (उष्णता सहन करणारी पिवळट टेप) चकती कापून घाला.

उजेड पडतो पण मधे काळा गोल दिसतो.

फोकस हललाय. जुन्या बल्बची फिलामेंट जिथे होती बरोबर तिथे एलईडीचा पिवळा चौकोन यायला हवा. आता तो पुढे किंवा मागे आहे. भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभे राहा, डोकं हळूहळू फिरवत सैल करा आणि ठिपका बघत राहा, मधला भाग सगळ्यात प्रखर झाला की तिथे किती फट राहिली ते मोजा आणि तेवढ्या जाडीची चकती खाली घाला. अर्ध्या मिलिमीटरने पण फरक पडतो. चिडायचं नाही, हे जुळवायला वेळ लागतोच, आणि जुळलं की त्या पितळी टॉर्चचा जो झोत निघतो तो बघत राहावं असा असतो.

सगळं केलं तरी उजेड कमीच वाटतोय.

स्विच बघा. जुने सरकवायचे स्विच अर्ध्या अँपिअरसाठी केलेले आहेत, पितळी पट्टी काळी पडलेली असते. ०.१ ओहम जरी रेझिस्टन्स असला तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, म्हणजे जवळपास एक वॅट. पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासा, मागच्या स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना जोडून आतून एक तांब्याची मऊ वायर टाका, झाकणाच्या आट्यांवरचा जुना चिकट मळ पुसा. मग मागचं झाकण काढून मल्टीमीटर १० अँपिअरवर लावून करंट मोजा. मीटरच्या वायरमुळे आकडा थोडा कमी येतो, ते धरून चला.

हजार लुमेन केले तर लांबपर्यंत दिसेल ना?

लुमेन म्हणजे एकूण उजेड, लांबवर किती जाईल ते कॅन्डेलावर, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्यावर, ठरतं. टॉर्चच्या मापनात अंतर असं काढतात की कॅन्डेलाचं वर्गमूळ गुणिले दोन, म्हणजे १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, आणि ४०० मीटर हवे असतील तर ४०,००० लागतात, दुप्पट नाही, चौपट. त्यामुळे लांबचा बांध बघायचा असेल तर छोट्या चिपचा एलईडी आणि मोठा खोल रिफ्लेक्टर घ्या, पायाखालचं बघायचं असेल तर पसरट झोत. एक्सएम-एल२ तीन अँपिअरवर हजारच्या घरात लुमेन देतो पण १० वॅट खातो, आणि १० वॅट सतत झेलेल अशी बॉडी हातात मावणाऱ्या टॉर्चची नसते, दोन-चार मिनिटांत त्याला खाली आणावंच लागतं.

धुक्यात आणि पावसात टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत दिसते.

हरिश्चंद्रगड, राजमाचीला पावसाळ्यात हे हमखास होतं. थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यात येतो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरू नका, हेडटॉर्च तर डोक्यावरून उतरवाच, हात खाली कमरेजवळ किंवा गुडघ्याजवळ ठेवून झोत जमिनीलगत टाका, आणि पॉवर कमी करा. म्हणून ड्रायव्हर घेताना मंद उजेडाचा मोड असलेला घ्या, पण ब्लिंक आणि एसओएस नसलेला, अंधारात घाईत चुकून नेमकं तेच चालू होतं.

मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला जात असाल तर हा टॉर्च बॅगेतच राहू दे. काजवे एकमेकांना चमकून खुणा करतात, आपल्या झोतात ते सगळं थांबतं. चालायला उजेड लागतच असेल तर काचेवर लाल जिलेटीन कागद लावून जमिनीकडे धरा.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. टीपी४०५६, थर्मल पेस्ट, वायर, स्विच, सेल होल्डर तिथे सहज मिळतं. ब्रँडेड एलईडी आणि ७१३५ ड्रायव्हर मात्र बरेचदा ऑनलाईनच मागवावे लागतात. दुकानातून सेल घेताना मीटर सोबत न्या, चांगला दुकानदार मोजू देतो.

हा टॉर्च घेऊन विमानाने जाता येतं का?

येतं. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायचे, प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत वेगळा. एक १८६५० साधारण ११-१३ वॅट अवरचा असतो, मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. टॉर्चमधला सेलही काढून डबीत टाका, नाहीतर बॅगेत दाबला जाऊन तो चालू झाला तर एवढ्या पॉवरचा एलईडी कपडे जाळू शकतो.